पूर्ण मार्क, आणि तरीही ‘पेला पाझरला’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. बाष्पीभवन आणि संघनन हा भाग त्यांनी मन लावून शिकवला. घटक चाचणीत ‘हवेतील बाष्पाचे थंड पृष्ठभागावर संघनन होते’ हे वाक्य जवळजवळ सगळ्या वर्गाने बरोबर लिहिलं. पुढच्याच आठवड्यात शाळेत पाहुणे आले आणि त्यांच्यासाठी बर्फाचं पाणी मागवलं. पेला घेऊन आलेल्या मुलीला बाईंनी सहज विचारलं, हा बाहेरून ओला कशाने झाला गं? चाचणीत पूर्ण मार्क मिळवलेली ती मुलगी म्हणाली, ‘‘बाई, पाणी पाझरलं.’’ मग त्यांनी वर्गात आणखी काही विचारून पाहिलं. हिवाळ्यात सूर्य लांब जातो म्हणून थंडी पडते, असं बहुतेकांचं मत निघालं. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, आमचे आजोबा सांगतात, असं एक मुलगा म्हणाला. बाईंनी तिथल्या तिथे ‘हे साफ चूक आहे’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो मुलगा त्यांच्या तासाला तोंड उघडत नाही. शाळेतल्या ज्येष्ठ सरांचं म्हणणं असं की चुकीची उत्तरं वर्गात मोठ्याने बोलू देऊच नयेत, बाकीची मुलं तीच उचलतात. त्यापेक्षा फळ्यावर ‘नेहमीच्या चुका आणि बरोबर उत्तरे’ असा तक्ता लिहून द्यावा. मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम वेळेत संपलेला हवा आहे. ‘माझं शिकवणं वाया गेलं का? आणि हे गैरसमज मुळासकट उपटायचे कसे?’ असं त्या विचारतात.

ताई, सस्नेह नमस्कार.

पेल्याचा प्रश्न तुम्ही चाचणी होऊन गेल्यावर, मार्कांचा काही संबंध नसताना विचारलात, म्हणूनच हे सगळं तुमच्या लक्षात आलं. तो प्रश्न पुष्कळ वर्गांत कधी विचारलाच जात नाही आणि उत्तरपत्रिकेतल्या वाक्यावर सगळे समाधानी राहतात. तेव्हा ‘शिकवणं वाया गेलं’ असं म्हणायची घाई करू नका. शिकवण्याचा जो भाग सगळ्यात अवघड, मुलाच्या मनात खरंच काय आहे ते कळणं, त्यापाशी तुम्ही पोचला आहात.

आधी त्या मुलीच्या उत्तराकडे नीट बघू. तिच्या घरी माठ असणारच. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात माठाशिवाय भागत नाही. माठात पाणी भरलं की थोड्या वेळाने तो बाहेरून ओलसर होतो, आणि ते पाणी खरोखरच आतून पाझरलेलं असतं. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी बाहेरच्या अंगावर येतं, तिथे त्याची वाफ होते, वाफ व्हायला लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होतं. हे ती कळायला लागल्यापासून बघते आहे. भांडं बाहेरून ओलं आहे, आत गार पाणी आहे, म्हणजे ते पाणी पाझरलं. माठाच्या बाबतीत हा विचार पूर्णपणे बरोबर आहे. तिने तो स्टीलच्या पेल्याला लावला. निष्काळजी मूल असं करत नाही. आधीच्या अनुभवावरून नव्या गोष्टीचा अर्थ लावणारं मूल करतं.

म्हणून तुमच्या पत्रातला ‘मुळासकट उपटणं’ हा शब्दप्रयोग मला खटकला. तिच्या मनातून उपटायचं काय? माठ पाझरतो हे तर खरंच आहे, आणि ते तिच्याजवळ राहिलंच पाहिजे. तिला हवं आहे ते वेगळं: हा विचार कुठे लागू पडतो, कुठे पडत नाही, आणि ते आपलं आपण कसं ओळखायचं. हिवाळ्याचंही तेच. चुलीजवळ सरकलं की जास्त ऊब लागते, हे शेकोटीला बसलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं आणि ते खरं असतं. सूर्य लांब गेला म्हणून थंडी, हा त्याच अनुभवाचा पुढचा टप्पा. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की ‘हे कुठून आलं असेल, आणि यात खरं काय आहे?’ एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. बाकीच्या सगळ्या युक्त्या त्यानंतरच्या आहेत.

‘आमच्या गावाकडच्या मुलांचा पायाच कच्चा’ असं तुम्ही पत्रात एके ठिकाणी लिहिलं आहे, त्याबद्दलही थोडं बोलते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी माहितीपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना विचारलं होतं, ऋतू का होतात, किंवा चंद्राच्या कला का दिसतात. त्यांत नुकतेच पदवीधर झालेले होते, माजी विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. २१ जणांची उत्तरं चुकली, आणि ऋतूंबद्दल पुन्हा पुन्हा जे उत्तर आलं ते तुमच्या वर्गातलंच होतं, सूर्य जवळ आणि सूर्य लांब. तेव्हा हा गावाचा, माध्यमाचा किंवा घरच्या परिस्थितीचा दोष नव्हे. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतं आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या अशा पर्यायी कल्पनांवर तिथेही संशोधन झालं आहे. या कल्पना माणसाच्या रोजच्या जगण्यातून येतात, म्हणून त्या सगळीकडे सापडतात.

आणि त्या पूर्ण जात नाहीत, हेही आत्ताच समजून घेतलेलं बरं. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ वाल्कार्सेल या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की विज्ञान शिकलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही, जिथे शास्त्रीय समज आणि लहानपणीची समज एकमेकींच्या विरुद्ध जातात, अशा विधानांवर खरं-खोटं ठरवायला जास्त वेळ लागतो आणि चुकाही जास्त होतात. जुनी कल्पना आत असतेच, तिला दर वेळी बाजूला सारावं लागतं. तेव्हा एका तासात ती मुलगी ‘सुधारली’ नाही म्हणून खचू नका. नवा विचार तिला आठवावा, जुन्यापेक्षा जास्त उपयोगी वाटावा आणि तिने तो स्वतःहून वापरावा, एवढी अपेक्षा ठेवा.

आता सरांच्या सल्ल्याकडे येते. त्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून बघायला हव्यात. चुकीची कल्पना उघडपणे मांडून ती का चालत नाही हे सांगणारा मजकूर, नुसतं बरोबर उत्तर सांगणाऱ्या मजकुरापेक्षा जास्त परिणामकारक ठरतो, असं संशोधनात पुष्कळदा दिसलं आहे. म्हणजे सरांच्या तक्त्यात तथ्य आहे. अडचण आहे ती क्रमाची. तासाच्या सुरुवातीलाच तो तक्ता फळ्यावर आला, तर ‘पेला पाझरतो ✗’ हे वाचताना त्या मुलीला ही आपलीच गोष्ट चालली आहे हे कळणारच नाही. दोन्ही रकाने ती पाठ करेल, आणि पुढच्या चाचणीत ‘गैरसमज लिहा’ या प्रश्नालाही पूर्ण मार्क घेईल. आपला अंदाज काय, तो कुठे फसला, हे आधी तिच्या अनुभवाला यायला हवं. तक्ता त्यानंतर, आणि शक्यतो मुलांच्याच शब्दांत.

चुकीचं उत्तर मोठ्याने बोललं की पसरतं, ही भीती मला बरीचशी निराधार वाटते. ते उत्तर अर्ध्या वर्गाच्या मनात आधीच असतं. बोलून दाखवणारा एकच असतो. एक धोका मात्र खरा आहे. चर्चा रंगली, चार मतं फळ्यावर आली आणि घंटा झाली, तर जी मुलं काठावर होती ती चुकीच्या बाजूला जाऊन घरी जातात. म्हणून मतं मागवायची तर त्याच तासात निकालापर्यंत पोचायचं. तेवढा वेळ हाताशी नसेल तर त्या दिवशी विषय काढूच नका.

पेल्याचा तास कसा घेता येईल ते जरा सविस्तर लिहिते, कारण तो एक जमला की बाकीचे तुम्हीच बसवाल. जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, हवा दमट असते. रसवंतीवाल्याकडून किंवा आईस्क्रीमच्या दुकानातून बर्फ आणा. पाण्यात खाण्याचा लाल रंग घाला, ते स्टीलच्या पेल्यात ओता, बर्फ टाका, वर झाकण ठेवा. पण पेला कोरडा असतानाच प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या: थोड्या वेळाने बाहेरून काय दिसेल, आणि ते कशामुळे. हात वर करायला लावू नका, कारण हात वर होताना सगळे वर्गातल्या हुशार मुलाकडे बघतात. कागदावर नाव नसलं तरी चालेल. आणि उत्तरं वाचून दाखवताना तुमचा चेहरा सांभाळा. मुलं शिक्षकाच्या भुवयांवरून बरोबर उत्तर ओळखतात. प्रत्येक मताला ‘बरं, असं का वाटतं?’ एवढंच म्हणा, बरोबर मतालासुद्धा.

थेंब जमले की पांढऱ्या रुमालाने पुसा. रुमालावर लाल डाग येत नाही. बहुतेक शिक्षक इथे थांबतात आणि निकाल जाहीर करतात. तुम्ही थांबू नका, कारण एखादं मूल म्हणेल, ‘रंग आत अडकला, नुसतं पाणी बाहेर आलं.’ हे म्हणणं अजिबात हास्यास्पद नाही. गाळण्याने पाणी स्वच्छ होतं हे तुम्हीच शिकवलेलं आहे. असा बचाव आला तर त्याची फळ्यावर नोंद करा आणि त्या मुलाला विचारा, ‘मग आता काय करून बघितलं तर तुझं म्हणणं खरं की खोटं ते कळेल?’ या एका प्रश्नासाठी तासातली दहा मिनिटं गेली तरी ती खुशाल जाऊ द्या.

दोन उपाय तुमच्या हाताशी असू द्यात. खलबत्त्यातला धातूचा भरीव बत्ता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मीठ घातलेल्या बर्फात अर्धा तास पुरून ठेवा. बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि वर्गासमोर धरा. बघता बघता त्याच्यावर थेंब जमतात, आणि बत्त्याच्या आत तर पाण्याचा थेंब नाही! दुसरा उपाय वजनाचा. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता पुष्कळ घरांत असतो. स्टीलच्या साध्या, एकपदरी बाटलीत बर्फाचं पाणी भरा, बूच घट्ट लावा, बाहेरून कोरडी करा आणि ताटलीत ठेवून काट्यावर चढवा. (थर्माससारखी दुपदरी बाटली नको, ती बाहेरून ओली होतच नाही.) पाणी आतून बाहेर आलं असेल तर एकूण वजन तेवढंच राहायला हवं, कारण पाणी अजून काट्यावरच आहे. ते कुठून तरी बाहेरून आलं असेल तर वजन वाढेल. हा तर्क प्रयोगाआधी मुलांकडूनच काढून घ्या. मग आकडा हळूहळू चढताना सगळ्यांना बघू द्या.

आणि मग माठाकडे परत या, कारण त्या मुलीचा अनुभव खोटा ठरलेला नाही हे तिला दिसायला हवं. संक्रांतीची सुगडं घरोघरी पडून असतात. रंग न दिलेलं एक सुगड आणा, त्यात पाणी भरून बाहेरून ओलसर होऊ द्या, आणि परिपाठाच्या वेळी त्याचं वजन घ्या. शाळा सुटताना पुन्हा घ्या. सुगडाचं वजन कमी झालेलं असतं, बाटलीचं वाढलेलं असतं. दोन्ही भांडी बाहेरून ओली, पण एकातलं पाणी हवेत गेलं आणि दुसऱ्यावर हवेतलं पाणी आलं. बाष्पीभवन आणि संघनन असे शेजारी शेजारी ठेवलेले मी पाठ्यपुस्तकात कुठे पाहिले नाहीत, आणि मला वाटतं ही दोन भांडी त्या पूर्ण प्रकरणाला पुरेशी आहेत. जमलं तर मार्चमध्ये हे सगळं एकदा परत करा. तेव्हा हवा कोरडी असते, पेल्यावर पाणी खूप कमी जमतं आणि सुगड जास्त वेगाने हलकं होतं. पेला पाझरत असता तर त्याला जुलै काय आणि मार्च काय, सारखंच असतं.

ऋतूंसाठी असा टेबलावरचा प्रयोग नाही, पण प्रश्न फार चांगला आहे आणि तो क्रिकेटने दिला आहे. आपला संघ डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळतो तेव्हा मैदानावर कडक ऊन असतं, प्रेक्षक टोप्या घालून आणि गॉगल लावून बसलेले असतात. इकडे त्याच पहाटे आपण पांघरूण ओढून सामना बघतो. सूर्य लांब गेल्यामुळे थंडी पडत असेल तर मेलबर्नला का नाही पडली? मुलांना यावर भांडू द्या. त्यानंतर आकडे सांगा: जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, सुमारे १५ कोटी २१ लाख. म्हणजे आपण सर्वांत जवळ असतो तेव्हाच कुडकुडतो.

इथे एक खाचखळगा आहे. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे असं सांगितलं की मुलं जुन्या कल्पनेलाच नवं वाक्य चिकटवतात: ‘कलल्यामुळे आपला भाग सूर्याच्या जवळ जातो.’ उत्तरपत्रिकेत हे ओळखूही येत नाही. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास, तो पंधरा कोटींपुढे काहीच नाही, हे त्यांना भागाकार करून बघू द्या. कलण्याने फरक पडतो तो किरण किती सरळ किंवा तिरके येतात यात, आणि दिवस किती मोठा असतो यात. टॉर्चचा झोत भिंतीवर आधी सरळ आणि मग तिरका पाडला की तोच उजेड जास्त जागेवर पसरलेला दिसतो.

आणि पाठ्यपुस्तकातली आकृतीही तपासा. पृथ्वीची कक्षा आपण बाजूने बघितल्यासारखी, चांगली लांबट काढलेली असते. मूल ती बघून ‘इथे जवळ, इथे लांब’ हेच शिकतं. खरी कक्षा वर्तुळाच्या इतकी जवळ आहे की दहा सेंटीमीटर रुंद काढली तर उंचीत पडणारा फरक पेन्सिलच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी भरेल. म्हणजे हा गैरसमज थोडाफार आपणच पुरवलेला आहे. शिरांमध्ये निळं रक्त असतं, हा दुसरा. तोही थोडाफार आकृतीतल्या निळ्या रंगाने आलेला.

आपल्या मुलांचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो ती मनातच ठेवतात. जूनमध्ये उत्तर गोलार्धात उन्हाळा असं पुस्तक म्हणतं, आणि आपल्याकडे तर तेव्हा पाऊस सुरू होतो. महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. पहिल्यांदा मे महिन्यात: कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात मध्याच्या आसपास, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. दुसऱ्यांदा तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा ढग असतात आणि जमीन भिजलेली असते. हे सांगितलं नाही तर मुलं पुस्तकातले ऋतू वेगळे आणि आपले वेगळे असं धरून चालतात.

सगळ्याच चुकांमागे इतकं धावू नका. काही उत्तरं नुसती घाईची असतात, काही अंदाजाने ठोकलेली. ओळखायची खूण अशी: तोच प्रश्न वेगळ्या रूपात चार दिवसांनी विचारा. तेच उत्तर त्याच कारणासकट परत आलं, तर ती कल्पना आहे. पेल्याऐवजी सकाळी गाडीच्या काचेवर साचलेलं पाणी विचारा, किंवा वरणाच्या गरम पातेल्याच्या झाकणाखालचे थेंब. आणि प्रश्न नेहमी ‘काय होईल आणि का’ असा दोन पायांवर उभा असू द्या. ‘संघनन म्हणजे काय’ याचं उत्तर पाठ करता येतं. ‘का’चं उत्तर पाठ केलेलं असलं तरी पुढच्या प्रश्नाला उघडं पडतं.

वर्षातून चार-पाच कल्पना निवडा, ज्यांच्यावर पुढची प्रकरणं उभी आहेत अशा. हवा ही वस्तू आहे, तिला वजन आहे, ही एक. बल आणि गती ही दुसरी. ‘जोर संपला म्हणून सोंगटी थांबली’ हे मुलांचं म्हणणं कॅरमवर छान तपासता येतं. बोर्डवर पावडर न टाकता आणि टाकून, शक्य तितका सारखा फटका मारा. जोर सोंगटीत भरलेला असेल आणि तो संपत असेल, तर पावडरने तो जास्त वेळ का पुरावा? विद्युतप्रवाह ही तिसरी. दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर पहिला जास्त उजळेल, कारण तो वीज ‘खाऊन टाकेल’, असं बरीच मुलं सांगतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच उजळतात. एकाच प्रकारचे बल्ब घ्या, आणि प्रयोगानंतर त्यांच्या जागा बदलून पुन्हा दाखवा. स्वस्त बल्बांत मुळातच थोडा फरक असतो आणि नेमका त्यानेच घोटाळा होतो.

मुख्याध्यापकांची काळजी खोटी नाही. त्यांच्यावर वरून दबाव असतो, त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. त्यांना एवढं दाखवा की याला वेगळा वेळ लागत नाही. सहावी ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि प्रयोग यांना जागा आहेच. अंदाजाच्या चिठ्ठ्या आणि प्रयोगाच्या नोंदी तिथेच दाखवता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्या नोंदी कागदावरच भरल्या जातात त्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. संकलित चाचणीत प्रत्येक घटकावर एक तरी ‘काय होईल आणि का’ असा प्रश्न घालायची परवानगी मागा. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सरकारी शाळांतली मुलं पुस्तक उघडं ठेवून विज्ञानाची परीक्षा देत होती. पुस्तकात बघून उत्तर मिळणार नाही असे प्रश्न काढावे लागत, आणि त्यामुळे शिकवणंही बदलत असे. तुम्हाला एवढी मोठी उडी घ्यायची नाही, पण आपल्यासारख्याच शाळांत हे झालेलं आहे हे त्यांना जरूर सांगा.

अजून एक पुरावा त्यांच्यापुढे ठेवण्यासारखा आहे. फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १८१ शिक्षकांचा आणि त्यांच्या साडेनऊ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं तुमच्याच वर्गांतल्या मुलांच्या वयाची होती. जिथे एखादा गैरसमज घट्ट रुजलेला असतो, तिथे शिक्षकाला नुसतं बरोबर उत्तर माहीत असून भागत नाही, असं त्यात दिसलं. आपली मुलं कोणतं चुकीचं उत्तर निवडतील हेही ज्या शिक्षकांना आधीच सांगता आलं, त्यांची मुलं अशा प्रश्नांत जास्त पुढे गेली. म्हणून एक वही करा. उजवीकडे घटक, डावीकडे मुलांची वाक्यं, त्यांच्याच शब्दांत, नावांशिवाय. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत ती चार जणांना दाखवा. पुढच्या वर्षी तोच घटक शिकवताना वर्गात काय ऐकू येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. ज्येष्ठ सरांनाही या कामात घ्या. इतक्या वर्षांत त्यांनी ऐकलेली वाक्यं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतील.

आता तो मुलगा. पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पिंपळाबद्दल त्याला चूक म्हटलं गेलं तेव्हा त्याने बहुधा आपले आजोबा चूक ठरलेले ऐकले, तेही सगळ्या वर्गासमोर. घरचं आणि शाळेचं यांत निवड करायची वेळ आली की मूल निवड करत नाही. शाळेत शाळेचं बोलतं, घरी घरचं, किंवा दोन्हीकडे गप्प बसतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हैदराबादच्या लहान मुलांशी बोलल्यावर दिसलं होतं की शाळेत ऐकलेली पृथ्वी आणि घरी ऐकलेली पाण्यावर टेकलेली पृथ्वी, दोन्ही एकत्र जुळवून मुलं आपलं एक चित्र उभं करतात. त्या चित्राला नुसतं ‘चूक’ म्हणून काढून घेतलं तर मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

त्याला एकट्याला बोलवा आणि सरळ सांगा, ‘त्या दिवशी मी तुझं पूर्ण ऐकून घेतलं नाही. हे आपण तपासू या.’ आजोबांच्या म्हणण्यात खरं काय आहे ते आधी सांगा. पिंपळाचा विस्तार मोठा, पानं भरपूर, दिवसा तो ऑक्सिजन सोडतोच. झाडाखाली रात्री झोपू नये, जीव गुदमरतो, असं दुसरं टोकही गावात ऐकू येतं, तेही वाढवून सांगितलेलं आहे. खोलीतलं एखादं कुंडीतलं रोप रात्री जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याच्यापेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त सोडतो. प्रश्न फक्त रात्रीच्या ऑक्सिजनचा आहे. तो पाण्याच्या रेणूपासून तयार होतो आणि त्यासाठी उजेड लागतो, म्हणून तो अंधारात तयार होत नाही, पिंपळातही नाही. कोरफड, घायपात, अननस अशा काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, पण त्याही ऑक्सिजन सोडतात तो दिवसाच.

हे नुसतं सांगू नका, त्याच्या हातून करून घ्या. काचेच्या मोठ्या बरणीत पिंपळाची ताजी पानं ठेवा, त्यातच छोट्या उघड्या वाटीत चुन्याची निवळी ठेवा, झाकण घट्ट लावा, बरणी काळ्या कापडात गुंडाळा. दुसरी बरणी अगदी तशीच, फक्त पानांशिवाय. सकाळी दोन्ही निवळ्या शेजारी ठेवून बघा. चुन्याची निवळी कार्बन डायऑक्साइडने पांढुरकी होते. पानांच्या बरणीतली जास्त पांढुरकी झालेली दिसेल, म्हणजे रात्री पानांनी कार्बन डायऑक्साइड सोडला. चुना कालवण्याचं काम तुम्ही स्वतः करा, डोळ्यांत उडाला तर इजा होते. यावर तो म्हणेल, ‘पण ऑक्सिजनही सोडला असेल की!’ असं म्हणाला तर त्याला शाबासकी द्या, कारण या प्रयोगाने ते खरोखरच सिद्ध होत नाही. त्यासाठी तलावातली हायड्रिला ही पाणवनस्पती आणा, पाण्यात नरसाळ्याखाली ठेवा आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते त्याला मोजू द्या, आधी उन्हात, मग बादली पालथी घालून अंधारात. हायड्रिला म्हणजे पिंपळ नव्हे, ही त्याची पुढची हरकतही रास्त असेल. हिरव्या पानांत उजेडाने चालणारं काम दोघांचं एकच आहे, हे तिथे सांगा. आजोबांना बघायला यायचं असेल तर जरूर बोलवा. हायड्रिलासाठीचं पाणी मात्र आदल्या दिवशी भरून ठेवा. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेली हवा उन्हाने बाहेर पडते आणि ते बुडबुडे वनस्पतीचेच वाटतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर खरे बुडबुडे लवकर दिसू लागतात.